घड्याळातले साडेआठशे

खडीच्या खाणीबाहेरच्या वजनकाट्यावर तो एकोणीस वर्षं बसत होता, म्हणून त्याला सगळे काटेदादा म्हणत. ट्रक रिकामा आला की एकदा तोलायचा, खडी भरून निघाला की पुन्हा तोलायचा, भरलेल्यातून रिकामं वजा करायचं आणि उरेल ते चिठ्ठीवर लिहायचं. काम म्हणाल तर एवढंच. पण एवढंसं काम माणसं किती वाईट करू शकतात हे पाहायचं असेल तर दुसऱ्या कुठल्याही काट्यावर जाऊन उभं राहावं. काटेदादाच्या काट्यावर ताडपत्रीत साचलेलं पाणीसुद्धा ओतून टाकावं लागे. रिकाम्या गाडीच्या वेळी ड्रायव्हर खाली उतरलेला असेल तर भरलेल्या गाडीच्या वेळीही तो त्याला खाली उतरवायचा.

"दादा, माझं वजन ते केवढं?" एखादा वैतागून म्हणायचा.

"केवढंही असो, ते खडीत धरणार नाही."

घरीही तीच तऱ्हा. भाजीत मीठ 'जरा' कमी आहे असं तो कधी म्हणाला नाही. पाव चमचा कमी आहे म्हणायचा. बघायला आले तेव्हा मला तोलून बघितलं नाही हेच माझं नशीब, असं त्याची बायको चारचौघांत सांगायची आणि तोही हसायचा.

अशा या चोख माणसाचं स्वतःचं वजन मात्र ब्याण्णव किलोवर गेलं होतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. दिवसाचे अकरा तास खुर्चीत, जेवण टेबलावर, आणि पाय मोकळे करायचे तर केबिनच्या तीन पायऱ्या. पोट टेबलाला टेकायला लागलं तेव्हा त्याने खुर्ची मागे सरकवली. त्यापलीकडे त्याला कधी काही वाटलं नाही, आणि चिमीचं लिव्हर बिघडलं नसतं तर वाटलंही नसतं.

चिमी ही त्याची धाकटी बहीण. शिलाईच्या कारखान्यात कापड कापायची. नवरा दुसऱ्या गावी कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. एक मुलगी होती, तिला चिमीने एकटीने वाढवलं. दारूचा थेंब न घेतलेल्या बाईच्या लिव्हरचा चोथा का व्हावा, याला डॉक्टरांकडेही धड उत्तर नव्हतं. शरीरच कधीकधी आपल्या लिव्हरशी वैर धरतं, एवढंच ते म्हणाले. डोळे पिवळे झाले, पाय सुजले, पोटात पाणी भरायला लागलं. मेलेल्या माणसाचं लिव्हर मिळण्याची यादी लांबलचक. जवळच्या नातेवाइकाने आपल्या लिव्हरचा तुकडा दिला तर मात्र लगेच काम होण्यासारखं होतं, आणि देणाऱ्याचं परत वाढतं म्हणे.

जवळचे नातेवाईक मोजायला एका हाताचीही बोटं लागत नव्हती. वहिनीचा, म्हणजे दादाच्या बायकोचा, रक्तगट जुळेना. उरले दोघं, दादा आणि चिमीची मुलगी. मुलीला अठरा पूर्ण व्हायला अजून पावणेतीन महिने होते.

"पावणेतीन महिन्यांनी मी देते," मुलगी डॉक्टरांसमोरच म्हणाली.

चिमीने तिच्याकडे पाहिलंही नाही. ती दादाला म्हणाली, "मी मेले तरी चालेल, पण हिच्या पोटाला सुरी लागलेली मला चालायची नाही. तू सांग हिला."

"तिच्यावर वेळच येणार नाही. मी आहे ना," काटेदादा म्हणाला. त्याने शब्द दिला तो असा, सगळ्यांच्या देखत, आणि तेव्हा त्याच्या मनात किंतु नव्हता.

त्याचा रक्तगट जुळला. आडवं आलं ते पोटाचं स्कॅन. सर्जन बाई वयाने त्याच्याहून दहा वर्षांनी लहान असेल, पण बोलायला रोखठोक. "तुमच्या लिव्हरमध्ये अठ्ठावीस टक्के चरबी आहे. हे त्यांनाही चालणार नाही आणि कापलं तर तुम्हालाही धोका. चरबी दहाच्या आत आली पाहिजे. त्यासाठी वजन त्र्याऐंशीवर आणा. आठ आठवडे आपण थांबू. त्याच्यापुढे थांबणं बहिणीला झेपेल असं मला वाटत नाही."

नऊ किलो, आठ आठवडे. ज्याने रोज हजार टन खडी तोलली त्याला नऊ किलो म्हणजे काय वाटणार? आहारतज्ज्ञ बाईने एक कागद दिला, दिवसाला पंधराशे कॅलरी. बायकोने तो स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला. त्याने कपाटातून आईचा जुना तराजू आणि शिक्क्याची वजनं काढली.

जिमला जायला वेळ नव्हता, म्हणून भाचीने त्याच्या मोबाइलवर घरी करायच्या व्यायामाचे व्हिडिओ घालून दिले. स्वतःच्या हातातलं घड्याळ काढून तिने मामाच्या मनगटावर बांधलं. "किती कॅलरी जळल्या ते यात कळतं. तुम्हाला आकडे आवडतात ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बाहेरच्या खोलीतला सोफा भिंतीला लागला आणि काटेदादा अनवाणी उभा राहिला. व्हिडिओतला मास्तर दणकट, दात पांढरेशुभ्र, आणि बोलणं असं की जणू जगात दुःखच नाही. "फक्त तीस मिनिटं! तुफान कॅलरी!" जागच्या जागी पळायचं, उठाबशा काढायच्या, उड्या मारायच्या. वीस सेकंद जीव तोडून, दहा सेकंद आराम. त्यात बर्पी नावाचा एक प्रकार होता: खाली वाकून हात टेकायचे, पाय मागे फेकायचे, परत गोळा करायचे आणि उठून उडी मारायची. पहिल्या दिवशी सहाव्या मिनिटाला त्याने पाय मागे फेकले ते गोळा केलेच नाहीत. तसाच पालथा पडून राहिला. बायकोने धावत येऊन पाठीवर हात ठेवला तर म्हणाला, "आराम चालू आहे."

चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर जिना चढून आले. छताचा चुना त्यांच्या चहात पडत होता. बायकोने त्यांना दारातच सगळं सांगितलं. म्हातारा म्हणाला, "मारा उड्या. मी चहा सात वाजता घेत जाईन."

तिसऱ्या आठवड्यात तीसच्या तीस मिनिटं व्हायला लागली. आरंभशूर म्हणून हिणवायची कुणाची छाती नव्हती, कारण त्याने एक दिवस चुकवला नाही. व्यायाम संपला की घाम पुसायच्या आधी तो मनगट डोळ्यांसमोर धरायचा. मोठ्या अक्षरात आकडा असायचा: आठशे पन्नास. कधी आठशे चाळीस, कधी साठ. आणि व्हिडिओतला मास्तर शेवटी रोज बजावायचा, "जेवढं जाळलंत तेवढं वरून खायला हरकत नाही. शरीराला उपाशी मारू नका!"

म्हणून कागदावरचे पंधराशे आणि घड्याळातले साडेआठशे, मिळून साडेतेवीसशे. त्याच्या वर एक दाणा नाही. अंडी सोलून तराजूत, भात शिजवून तराजूत, शेंगदाणे मोजून, केळ्याची सालं वजा करून. वहीत रोज लिहायचा. इतकं नेमकं खाणारा माणूस त्या दवाखान्याच्या इतिहासात झाला नसेल.

स्वतःचं वजन तो काट्यावरच करायचा, म्हणजे त्याच्या काट्यावर. सकाळी पहिला ट्रक यायच्या आधी तो लोखंडी पाटावर मधोमध जाऊन उभा राहायचा आणि ड्रायव्हर लोकांसाठी लावलेल्या बाहेरच्या फलकाकडे मान वळवायचा. लाल अक्षरांत नव्वद. आता हा काटा साठ टनांचा, तो दहादहा किलोंत बोलतो. ब्याण्णवही त्याला नव्वद आणि शहाऐंशीही नव्वदच. माणूस तोलायला तो केलेलाच नाही, आणि हे त्याच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार?

बायको म्हणायची, "अहो, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात काटा आहे. एकदा जाऊन उभे राहा की."

"त्यावर सरकारी शिक्का नाही."

"नसू दे."

"शिक्का नसलेल्या काट्यावर मी बटाटे तोलणार नाही, आणि तू माणूस तोलायला सांगतेस?"

तिने दोनतीनदा सांगून पाहिलं आणि मग सोडून दिलं. शिवाय पट्टा एक भोक आत गेला होता, जिना चढताना धाप लागत नव्हती, दंड घट्ट झाले होते. फरक दिसत होता. पट्टा दुसऱ्या आठवड्यात आत गेला आणि पुढचे चार आठवडे तिथेच राहिला, हे मात्र त्याच्या वहीत कुठे लिहिलेलं नव्हतं.

सहाव्या आठवड्यात तो चिमीकडे गेला तेव्हा ती खिडकीशी बसून दंड खाजवत होती. सगळ्या अंगाला खाज यायची तिला, रक्त निघेपर्यंत. हातांची थरथर लपवायला तिने ते मांडीखाली घेतले.

"कितीवर आलास?" तिने विचारलं.

"शहाऐंशी असेन."

"असेन?" चिमी हसली. "तू कधीपासून अंदाजाने बोलायला लागलास, दादा?"

तोही हसला. तिने आवाज खाली आणला. "पोरगी वाढदिवसाला किती दिवस राहिले ते मोजत बसते रे. मी तिला सांगितलंय, मामा करणार आहे, तू अभ्यासाला लाग."

"बरोबर सांगितलंस," तो म्हणाला.

आठवा आठवडा संपला त्या दिवशी तो दवाखान्यात गेला. बायको बरोबर होती. नर्सने त्याला काट्यावर उभं केलं आणि वाचलं, "नव्वद किलो दोनशे."

"तुमच्या काट्याचं शून्य तपासा," तो म्हणाला.

नर्सने त्याला उतरवलं, शून्य दाखवलं आणि पुन्हा चढवलं. नव्वद किलो दोनशे. चरबी अठ्ठावीसवरून सव्वीसवर आली होती.

सर्जन बाईने कागद दोनदा वाचले. "नाही," ती म्हणाली. "या लिव्हरला मी चाकू लावणार नाही."

आहारतज्ज्ञ बाईने त्याची वही चाळली. एवढी नीट वही तिने पाहिली नव्हती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मग तिचं बोट थांबलं. "हे वरचे साडेआठशे कुठले?"

त्याने मनगट पुढे केलं. तिने घड्याळ निरखलं. "हा मोठा आकडा पूर्ण दिवसाचा आहे, रात्री बारापासूनचा. तुम्ही झोपेत असतानाही तो चालू असतो. श्वास, हृदय, सगळं धरून. तुम्ही नुसते पडून राहिला असता तरी सकाळी सातपर्यंत पाचशे झाले असते. ते तर पंधराशेचा हिशेब करतानाच मी धरलेत. व्यायामाचा आकडा हा खालचा, बारीक. साडेतीनशे. आणि घड्याळं जरा वाढवूनच सांगतात. खरं तर वरून काहीच खायचं नव्हतं."

बायकोने डोक्याला हात लावला. एकोणीस वर्षं रिकाम्या गाडीचं वजन वजा करून जगलेला माणूस तो. ज्याने ड्रायव्हर खडीत धरला नाही त्याने आपली झोप व्यायामात धरली होती, रोज, छप्पन्न दिवस. मूर्खपणा माणसाला कुठून गाठेल सांगता येत नाही. बहुधा ज्या दारावर आपण पहारा देतो तिथूनच.

पण हे झालं वहीचं. त्या खोलीत आणखी एक गोष्ट झाली आणि ती त्याने कुणाला सांगितली नाही. सर्जन बाई 'नाही' म्हणाली तेव्हा सगळ्यात आधी त्याला सुटल्यासारखं वाटलं. शरम आली, चिमी आठवली, पोरगी आठवली, पण ते नंतर. आधी खांदे सैल झाले. आपलं पोट उघडणार नाहीत. एक श्वास बाहेर पडायला जेवढा वेळ लागला तेवढाच वेळ ते टिकलं, पण ते आलं होतं आणि त्याने ते ओळखलं होतं.

त्याने हात जोडून आणखी दोन आठवडे मागितले. बाई म्हणाली, प्रयत्न करा, मी शब्द देत नाही. मग तो सकाळ-संध्याकाळ उड्या मारायला लागला. हजाराच्या वर खाईना. पाचव्या दिवशी गुडघा नारळाएवढा सुजला, दहाव्या दिवशी केबिनच्या पायऱ्यांवर घेरी येऊन पडला. चार किलो उतरले. त्र्याऐंशी अजून लांब होतं, आणि चिमीजवळ दिवस नव्हते. ती वार विसरायला लागली. एकदा तिने त्याला बाबा म्हणून हाक मारली आणि शाळेची फी भरली का असं विचारलं. लिव्हर गेलं की विष डोक्यात चढतं, असं नर्सने सांगितलं.

भाचीला मंगळवारी अठरा पूर्ण झाली. बुधवारी सकाळी ती जन्मदाखला घेऊन एकटीच दवाखान्यात गेली. आठवड्याभरात तपासण्या उरकल्या. तिचं सगळं उत्तम होतं. नसायला काय झालं, अठरा वर्षांची पोर.

चिमीला विचारण्याची सोय उरली नव्हती. ती छताकडे बघून काहीतरी पुटपुटत असायची. तिच्या वतीने संमतीच्या कागदावर सही करायला, देणारी सोडली तर, तिच्या रक्ताचं माणूस एकच होतं. भाचीने पेन त्याच्या हातात दिलं.

"ती मला कधी माफ करणार नाही," तो म्हणाला.

"माफ करायला ती असेल ना, मामा," पोरगी म्हणाली. "करा सही." तिचे ओठ पांढरे पडले होते.

त्याने सही केली. नाव नेहमीसारखं सुवाच्य आलं, याचा त्याला स्वतःचाच राग आला.

दोघी वाचल्या. एवढं ऐकून लोक देवाचे आभार मानत आणि विषय संपवत. पण पोरीच्या जखमेत पू झाला, ती दोनदा परत दवाखान्यात गेली, कॉलेजचं वर्ष बुडालं. काटेदादाने व्यायाम सोडला, व्हिडिओ पुसून टाकले, आणि वजन आता आपल्या पायांनी उतरायला लागलं. घास घशाखाली जात नव्हता. दोन महिन्यांत तो एक्याऐंशीवर आला. खाणीवरचे ड्रायव्हर कौतुकाने म्हणायचे, "दादा, काय फिट झालात! काय करता सांगा की." तो चिठ्ठी हातात देऊन पुढच्या गाडीला बोलवायचा.

चिमी शुद्धीवर आली तेव्हाच तिला कळलं होतं. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. वहिनीशी बोलायची, नर्सशी बोलायची, दादाशी फक्त ये आणि बस. तो रोज कामावरून सुटला की तिच्याकडे जायचा, औषधं आणायचा, पाणी भरून ठेवायचा आणि अर्धा तास खुर्चीत बसून घरी यायचा.

असाच एका सुट्टीच्या दुपारी तो गेला. पोरगी आत निजली होती, दोनच दिवसांपूर्वी दवाखान्यातून आलेली. चिमी पलंगाच्या कडेला बसून औषधाच्या गोळ्या डबीच्या खणांत भरत होती. डोळ्यांतला पिवळेपणा गेला होता तिच्या, गालांवर मांस आलं होतं. ती गोळ्यांकडे बघतच बोलली.

"दादा, एक विचारते. खरं सांग."

"विचार."

"वहिनीने मला घड्याळाचं सांगितलं. चूक झाली, ठीक आहे. चूक कुणाचीही होते. पण आठ आठवड्यांत एकदाही तू स्वतःचं नीट वजन केलं नाहीस. तू. एकदा कळलं असतं तर सुधारता आलं असतं सगळं. का नाही केलंस?"

शिक्क्याचं उत्तर त्याच्या तोंडाशी आलं होतं. ते त्याने गिळलं.

"भीती वाटत होती," तो म्हणाला.

"वजन उतरलं नसेल याची?"

काटेदादाने आपल्या हातांकडे पाहिलं. बारीक झाले होते ते, शिरा दिसत होत्या.

"उतरलं असेल याची," तो म्हणाला.

चिमीच्या हातातली गोळी हातातच राहिली. तेवढ्यात आतून पोरीने हाक मारली. कूस बदलताना अजून कुणाला तरी तिच्या पाठीला हात लावावा लागायचा. तो चटकन उठला.

"तू बस," चिमी म्हणाली, आणि पलंगाला धरून, पोटावर हात दाबत, ती स्वतः उठली.